संजीवक फवारलं की शेंडा वाकडा: दर वेळी हेच का होतं आणि कारण कुठे शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. संजीवकाची, म्हणजे झाडाच्या वाढीला वळण देणाऱ्या औषधाची, फवारणी झाली, आठवडा गेला आणि नवी फूट चिंचोळी, पिळवटलेली, दोरीसारखी निघू लागली. पुढच्या वेळी मात्रा निम्मी केली, तरी तेच. कंपनी बदलली, तरी तेच. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता म्हणालं, म्हणून त्याचीही एक फवारणी उरकली. शेंडा मात्र सरळ व्हायचं नाव घेत नाही.

अशा वेळी आपण डब्यावरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचत बसतो. लेबल वाचायचंच आहे, पण नंतर. आधी झाड वाचा. चूक कधी झाली हे त्याच्या अंगावर उमटलेलं असतं.

आधी तारीख काढा

पानाचा आकार ते उघडल्यावर ठरत नाही. शेंड्याच्या आत ते राईएवढं असतानाच ठरतो. म्हणून पूर्ण उमललेल्या पानावर संजीवक कितीही पडलं तरी ते चिंचोळं होत नाही. फार तर त्याचा देठ खाली वाकतो. बिघडतात ती त्या दिवशी शेंड्यात दडलेली पानं, आणि ती उघडून नजरेस पडेपर्यंत बरेच दिवस निघून जातात. तोवर मध्ये आणखी एखादी फवारणी झालेली असते आणि खापर तिच्यावर फुटतं. मात्रा आणि कंपन्या बदलूनही फरक पडत नाही, त्याचं एक कारण हेच. चोर सोडून आपण भलत्यालाच पकडलेलं असतं.

खोडावर खालून वर बघत जा. खालची पानं चांगली, मधली तीन-चार बिघडलेली आणि त्यावरची पुन्हा चांगली असतील, तर एकदाच काहीतरी घडलं आणि संपलं. चांगली, बिघडलेली, चांगली, पुन्हा बिघडलेली असे पट्टे दिसत असतील, तर तुमच्याच कामाच्या पद्धतीत काहीतरी आहे, म्हणजे पंप, मोजमाप, पाणी किंवा वेळ. आणि एकदा सुरू झालेला बिघाड वरपर्यंत थांबतच नसेल, तर कारण आजही झाडापाशी हजर आहे. ते मातीत असेल, खतात असेल, नाहीतर पानाखाली बसलेलं असेल.

तारखेचा अंदाज पक्का करायला एक सोपी सवय लावून घ्या. प्रत्येक फवारणीच्या दिवशी पाच-सहा झाडांच्या सर्वांत वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधायचा, दर वेळी वेगळ्या रंगाचा. पुढे बिघाड दिसला की तो कोणत्या दोऱ्याच्या लगेच वर सुरू झालाय ते बघायचं. वहीतली नोंद चुकते, आठवण तर हमखास चुकते. दोरा चुकत नाही.

मग थोडं मागे सरकून सगळं शेत बघा. पंपाची पहिली टाकी जिथे संपली तिथपर्यंतच बिघाड आहे का? तर पंपात आधीचं काहीतरी होतं. शेवटच्या टाकीच्या ओळींतच आहे? तर तळाशी साका बसला होता. ओळींच्या टोकांना, वळताना जिथे दोनदा फवारा पडतो तिथे जास्त आहे? तर मात्रा अगदी काठावर होती. एका कडेला दाट आणि आत येता येता विरळ होत गेलंय? तर ते वाऱ्याने बाहेरून आलेलं आहे, तुमच्या टाकीतून नव्हे. आणि इथे एक झाड, तिथे दोन, मध्ये चांगली झाडं, असं विखुरलेलं असेल, तर संजीवकाचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

संजीवक नसेलच तर

हा भाग लवकर उरकण्यासारखा आहे, पण गाळू नका. मिरची, टोमॅटो, वांग्यावर येणारा अतिसूक्ष्म कोळी शेंड्याची जी गत करतो ती तणनाशकाच्या दुखापतीसारखी इतकी हुबेहूब दिसते की जाणकारही फसतात. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कोवळ्या पानाची खालची बाजू तपासा. मिरचीत साधा ठोकताळा असा, की कोळ्याने पान उलट्या होडीसारखं खाली वळतं आणि फुलकिड्यांनी वर वळतं.

व्हायरसमध्ये बहुधा रंगही बिघडतो. हिरवट-पिवळी नक्षी दिसते, शिरा पिवळ्या पडतात. काकडीवरच्या मोझॅक व्हायरसने टोमॅटोची पानं बुटाच्या नाडीसारखी बारीक होतात, तिथे गोंधळ होतो. पण व्हायरस सगळ्या शेतात एकाच दिवशी येत नाही. तो पसरत जातो आणि झाड आपणहून त्यातून बाहेर पडत नाही. संजीवकाचा मार बसलेलं झाड जिवंत राहिलं तर वर पुन्हा चांगली पानं काढतं. दोन आठवडे थांबलात तर एवढ्यावरूनच बरंचसं कळतं.

पंप

माझा अनुभव विचाराल तर पट्टे-पट्टे दिसणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात आधी इथेच बघावं. माझ्याकडूनही हे झालंय. तणनाशकाचा पंप साध्या पाण्याने तीनदा खळखळून धुतला, मधल्या काळात त्यातून दोन कीटकनाशकं मारली, काही झालं नाही. मग संजीवक मारलं आणि टोमॅटोचे शेंडे पिळवटले. स्वाभाविकच संशय संजीवकावर गेला.

खरी गोष्ट अशी. २,४-डी हे तणनाशक म्हणून ओळखलं जात असलं तरी मुळात ते कृत्रिम ऑक्झिनच आहे, म्हणजे पेशींची वाढ घडवणारं संजीवक, एनएए या नेहमीच्या संजीवकाच्या भाऊबंदांतलं. झाडाचं स्वतःचं ऑक्झिन काम झालं की झाड ते मोडून टाकतं किंवा बांधून ठेवतं. २,४-डी त्याला तितक्या झटपट मोडता येत नाही. वाढीचा हुकूम सुटतो आणि मागे घेताच येत नाही. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, सोबत इथिलीन हा पानं-फळं पिकवणारा वायू तयार होतो, देठ खाली वाकतात आणि पुढची पानं समांतर शिरांची, पट्टीसारखी येतात. टोमॅटो, कापूस आणि द्राक्ष याला इतके हळवे आहेत की नळीत उरलेला अंशही पुरतो.

तो उरतो कुठे? रबरी नळीत, वायसरमध्ये, गाळणीच्या जाळीत. साध्या पाण्याने तो सुटत नाही, पण संजीवकासोबत आपण पसरक-चिकट द्रव्य घालतो आणि ते नेमकं हे जुनं चिकटलेलं औषध ओढून बाहेर काढतं. कीटकनाशकाच्या वेळी काही झालं नाही आणि संजीवकाच्या वेळी झालं, त्याचा उलगडा तिथे आहे.

धुवायचंच असेल तर असं धुवा. पंप रिकामा करून साध्या पाण्याने एकदा विसळा. मग १०० लिटर पाण्याला साधारण १ लिटर या प्रमाणात घरगुती सफाईचा अमोनिया घालून ते पाणी भरा, थोडं नळीतून आणि नोझलमधून सोडा आणि उरलेलं रात्रभर तसंच ठेवा. सकाळी नोझलमधूनच बाहेर काढा. गाळणी आणि नोझल खोलून वेगळे धुवा, नंतर दोनदा स्वच्छ पाणी फिरवा. अमोनियात ब्लीचिंग किंवा क्लोरीनचं काहीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. २,४-डीचं एस्टर रूप वापरलं असेल तर ते तेलकट असतं, नुसत्या अमोनियाने हटत नाही, साबणाचा हातही द्यावा लागतो. आणि हे सगळं करूनही मन खातंच असेल, तर तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. मी आता तेच करतो.

टक्के आणि पीपीएम

जिबरेलिक ॲसिड, म्हणजे आपलं नेहमीचं जीए, ०.००१ टक्के द्रवरूपातही मिळतं, ४० टक्के विरघळणाऱ्या दाण्यांतही आणि ९० टक्क्यांच्या भुकटीतही. पहिल्या आणि दुसऱ्यात ४०,००० पटींचा फरक आहे. आता कुणी सांगितलं, ‘जीए लिटरला दीड घ्या,’ तर ते दीड कशाचं? ०.००१ टक्क्याचं दीड मिली लिटरभर पाण्यात घातलं तर ०.०१५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) होतं. ४० टक्क्यांचे दाणे दीड ग्रॅम घातले तर ६०० पीपीएम. तोंडी सल्ल्यात आकडा तेवढा पोहोचतो, टक्का मागे राहतो.

हिशेब अवघड नाही. १०० लिटर पाण्यात शुद्ध घटक १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. डब्यातलं औषध ९० टक्के असेल तर १ ग्रॅमऐवजी १.११ ग्रॅम लागेल, ४० टक्के असेल तर अडीच ग्रॅम. एवढ्या कमी वजनाला किराण्याचा काटा कामाचा नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, चमच्याने मोजू नका.

जीए जास्त झाल्याची खूण ऑक्झिनपेक्षा वेगळी असते. पेरे लांबतात, खोड बारीक आणि फिकट होतं, झाड स्वतःच्या वजनाने कलतं. या संजीवकाचा शोधच मुळी अशा झाडांवरून लागला. भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि कोलमडायची, जपानी शेतकरी या रोगाला ‘बाकानाए’, म्हणजे मूर्ख रोप म्हणायचे. १९२६ साली शास्त्रज्ञ एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की या रोगाच्या बुरशीने सोडलेल्या द्रवानेच हे होतं, बुरशी स्वतः हजर असण्याचीही गरज नाही. पुढे तेइजिरो याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिलं. तेव्हा तुमची रोपं उंच, पिवळट आणि आडवी होत असतील, तर पंपाकडे नव्हे, काट्याकडे बघा.

विरघळलंय का?

जीएची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. ६-बीए हे संजीवक तर अल्कोहोललाही फारसं दाद देत नाही, त्याला सौम्य अल्कली लागते. एनएए आणि आयबीए ही ऑक्झिनं अल्कोहोलमध्ये विरघळतात. त्यांचे पोटॅशियम क्षार मात्र थेट पाण्यात जातात. लेबलवर विरघळणारं म्हटलेलं असेल तर ही कसरत नको, पण शुद्ध भुकटी आणली असेल तर ती नीट विरघळल्याशिवाय टाकीत जाऊ देऊ नका. अर्धवट विरघळलेली भुकटी तळाशी बसते, पहिल्या ओळींना काहीच मिळत नाही आणि शेवटच्या ओळींना सगळं मिळतं. शेवटच्या टाकीचा बिघाड तो हाच. नीट विरघळलेलं द्रावणही थंड पाण्यात भसकन ओतलं तर साका धरू शकतं. टाकी अर्धी भरून, ढवळत ढवळत बारीक धारेने सोडा.

पाण्याचा सामू (पीएच) हा दुसरा मुद्दा. जीए अल्कधर्मी पाण्यात मोडतं, म्हणून सकाळी केलेलं द्रावण संध्याकाळी वापरू नये. इथेफॉन या संजीवकाची गोष्ट याहून मजेशीर आहे. ते आम्ल द्रावणात शांत असतं आणि सामू ४-५ च्या वर गेला की मोडून इथिलीन सोडतं. पेशीतला सामू त्याहून जास्त असल्यामुळेच ते झाडात गेल्यावर काम करतं. पण तुमचं पाणीच अल्कधर्मी असेल तर इथिलीन टाकीतच सुटून हवेत जातं आणि झाडाला उरतं फारसं काही नाही. मग ‘लागू पडलं नाही’ म्हणून पुढच्या वेळी मात्रा दुप्पट होते. त्या वेळी पाणी दुसऱ्या ठिकाणचं असलं की पानगळ ठरलेली. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या हाताशी ठेवा आणि मात्रा वाढवण्याआधी एक बुडवा.

वेळ

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘प्रमाण बरोबर, पंप स्वच्छ, तरीही’ अशी प्रकरणं शेवटी इथेच येतात.

कीटकनाशक किडीला मारतं, सोमवारी मारा की गुरुवारी. संजीवकाचं तसं नसतं. ते झाडाला फक्त निरोप देतं, आणि त्या निरोपाचा अर्थ कोणता अवयव कोणत्या अवस्थेत तो ऐकतोय यावर ठरतो. १९३७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ केनेथ थिमन यांनी मांडलं की ऑक्झिनच्या ज्या तीव्रतेने खोड वाढतं तीच तीव्रता मुळांची वाढ रोखते. कलमाच्या काडीला आयबीए जास्त लावलं की तळाशी गाठ फुगते, साल काळी पडते आणि मुळं येतच नाहीत, ते यामुळेच.

सफरचंदात एनएए फुलोरा झाल्यावर थोड्याच दिवसांत दिलं तर बारीक फळं गळतात. विरळणीसाठी ते तसंच वापरतात. तेच एनएए काढणीच्या तोंडावर दिलं तर फळगळ थांबते. औषध एक आणि परिणाम पार उलटे, फरक फक्त अवस्थेचा. बिनबियांच्या द्राक्षातही जीए फुलोऱ्याआधी दिलं तर घडाचा दांडा लांबतो, ऐन फुलोऱ्यात दिलं तर फुलं विरळ होतात, मणी धरल्यावर दिलं तर मणी फुगतात. यात हात चुकला तर घडात बारीक गोळीसारखे मणी राहतात, दांडा कडक होतो आणि पुढच्या वर्षीच्या डोळ्यांत घडाऐवजी तणावे निघू शकतात. म्हणजे यंदाच्या चुकीचं बिल पुढच्या हंगामात येतं, आणि तेव्हा कुणाला जुनी फवारणी आठवत नाही.

म्हणून वहीत तारीख लिहिण्याऐवजी अवस्था लिहा: ‘निम्मी फुलं उमलली’, ‘मणी ज्वारीएवढे’. पेरणीपासूनचे दिवस मोजून फवारणारा माणूस एखाद्या गार वर्षी बरोबर त्याच दिवशी फवारतो आणि चुकतो, कारण झाड आठवडाभर मागे असतं.

हवामानही यातच आलं. इथेफॉनचं काम तापमानावर फार अवलंबून असतं. गार हवेत ते जवळपास झोपलेलं असतं, कडक उन्हाळ्यात तीच मात्रा पानं झडवते. टोमॅटोत फळधारणेसाठी ४-सीपीए हे ऑक्झिन वापरतात, तिथेही हवा तापली की प्रमाण कमी करावं लागतं आणि फवारा फुलांच्या झुपक्यापुरताच ठेवावा लागतो. शेंड्यावर गेला तर पानं पिळवटतात, मात्रा जास्त झाली तर फळं पोकळ आणि टोकाला चोच आलेली होतात. द्रावण पानावर जितका वेळ ओलं राहील तितकं आत जातं. नेहमी दुपारी मारणाऱ्याने एकदा संध्याकाळी, दमट हवेत तेवढंच मारलं तर परिणाम जास्त दिसणार. वर नवीन पसरक घातलं असेल तर आणखीनच.

बिघाड थांबतच नसेल तर

वाढ खुंटलेली, पेरे आखूड, पानं लहान आणि गडद हिरवी, मोहोर गच्च आणि आखूड, हे चित्र असेल तर पॅक्लोब्युट्राझॉल या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचा हिशेब मागे जाऊन तपासा. ते झाडात जीए तयार होण्याची वाट अडवतं. मातीत ते दीर्घकाळ टिकतं, सेंद्रिय पदार्थाला चिकटून राहतं, त्यामुळे भरपूर पाणी देऊन धुऊन जात नाही. दर वर्षी तेवढीच आळवणी करणारा, म्हणजे द्रावण मुळाशी ओतणारा, माणूस खरं तर दर वर्षी थोडी जास्त मात्रा देत असतो, कारण मागचं शिल्लक असतं. उपाय म्हणजे एखादं वर्ष सोडून देणं. अगदीच अडलं तर जीएची हलकी फवारणी चालते, कारण अडवलेल्या वाटेच्या पलीकडून तयार माल पोहोचतो. पण ती चार फांद्यांवर आधी करून बघा. रोपवाटिकेत जुन्या कुंड्या आणि जुनी माती पुन्हा वापरली तरी हाच प्रकार दिसतो.

याउलट पानं वाटीसारखी वळलेली, शेंडा गुंडाळलेला आणि फवारणी तर काहीच नाही, असं असेल तर खत तपासा. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही ऑक्झिनसारखी वागणारी तणनाशकं गवतावर मारली, ते गवत जनावरांनी खाल्लं, शेणाचं खत झालं, तरी ती पूर्ण मोडत नाहीत. २००८ साली ब्रिटनमध्ये घरच्या बागांत टोमॅटो, बटाटे आणि शेंगवर्गीय भाज्या वाकड्या येऊ लागल्या तेव्हा शोध घेत घेत माग शेणखतापर्यंत पोहोचला आणि अमिनोपायरॅलिडची विक्री तिथे काही काळ थांबवावी लागली.

याची चाचणी घरीच होते. तीन-चार कुंड्यांत संशयित खत मातीत मिसळून भरा, तितक्याच कुंड्यांत खात्रीची स्वच्छ माती भरा आणि सगळ्यांत घेवडा लावा. दोन्ही गटांखाली वेगवेगळ्या ताटल्या ठेवा, एकाचं पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका. दोन-तीन त्रिदली पानं येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे बघा. पहिल्या गटाची पानं वाटीसारखी झाली आणि दुसऱ्याची नाही, तर उत्तर मिळालं. असं खत ढिगात दाबून ठेवण्यापेक्षा मातीत मिसळून, ओल आणि हवा खेळती ठेवून पडू द्या. जिवाणू ते सावकाश मोडतात. त्या जागी तोवर गवतवर्गीय पीक घ्या. मका, ज्वारीला त्याचा फारसा त्रास होत नाही.

बिघडलेल्या झाडाचं काय करायचं

ऑक्झिनच्या माराला उतारा नाही. टॉनिक, अमिनो ॲसिड, ‘उलट संजीवक’ असं काहीही मारू नका. टॉनिकच्या बाटलीत काय आहे ते लेबलवर स्पष्ट नसेल तर मुळीच नको, कारण गोंधळात एक अनोळखी संजीवक वाढतं. पाणी नेहमीसारखं, नत्र थोडं हात राखून, आणि वाट बघा. शेंडा खुडायची घाई करू नका. वर चांगलं पान दिसलं तर झाड सावरलंय. तीन आठवड्यांनीही शेंडा गुंडाळलेलाच असेल आणि बगलेतून निरोगी फूट येत असेल, तर त्या फुटीच्या वर छाटा. भाजीपाल्यावर त्या पिकासाठी नसलेलं तणनाशक पडल्याची खात्री झाली असेल तर त्या झाडांची फळं खाऊ नका, विकूही नका, झाड कितीही छान सावरलेलं दिसो.

पुढच्या फवारणीला एक ओळ कोरी सोडा आणि एका ओळीवर फक्त पाणी आणि पसरक मारा, त्याच पंपाने, संजीवक न घालता. कोरी ओळ सरळ राहिली आणि पाण्याची ओळ वाकली, तर तुमचं संजीवक निर्दोष आहे, नळी बदला.